ब्रँडीत मुरणारी फळं

फळांची ब्रँडी म्हटलं की दोन निरनिराळ्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे फळं आंबवून त्या आंबवणाचं ऊर्ध्वपातन करून काढलेलं मद्य: चेरीची कीर्श, आलुबुखाराची श्लिवोवित्सा. भट्टीतून निघतं तेव्हा ते रंगहीन असतं. दुसरी म्हणजे तयार ब्रँडीत मऊ फळं मुरत घालून त्यांचा रंग, वास आणि आंबटगोडपणा तिच्यात उतरवून घेतलेली. बाजारात हिला लिक्युअर म्हणतात, घरी करणारे मात्र बहुधा फळांची ब्रँडीच म्हणतात. मी केली ती ही दुसरी. रासबेरीची एक मोठी बरणी आणि तिच्या जोडीला स्ट्रॉबेरी, ब्लॅकबेरी आणि चेरी यांच्या लहान बरण्या. चारही एकाच ब्रँडीत, एकाच प्रमाणात, एकाच दिवशी घातल्या. फळ बदललं की काय काय बदलतं हे मला पाहायचं होतं. ते पाहताना एक गोष्ट पक्की झाली. या कामात हात बसायला हवा तो फळ बाहेर कधी काढायचं ते ओळखण्यात. प्रत्येक फळाची वेळ वेगळी असते, आणि पाककृतीत छापलेला आकडा तिथे फारसा उपयोगी पडत नाही.

ऊर्ध्वपातनाच्या वाटेला मी गेले नाही, त्याची कारणं आधी सांगून टाकते. बहुतेक देशांत परवान्याशिवाय घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे. न्यूझीलंडमध्ये १९९६ च्या कायद्याने घरच्या वापरापुरती मुभा दिली, तो अपवाद. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी अल्कोहोलची वाफ आणि पेटती शेगडी एका खोलीत असणं मला मान्य नाही. शिवाय फळातल्या पेक्टिनपासून, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या द्रव्यापासून, आंबताना मिथेनॉल सुटतं, आणि ते विषारी आहे. मिथेनॉल ६४.७ अंश सेल्सियसला उकळतं आणि इथेनॉल, म्हणजे पिण्याचं अल्कोहोल, ७८.४ अंशांना. यावरून पुष्कळांचा समज होतो की पहिली धार ओतून टाकली की काम झालं. प्रत्यक्षात पाणी आणि इथेनॉलच्या मिश्रणातून मिथेनॉल धारेच्या शेवटापर्यंत थोडं थोडं येत राहतं.

आणि मऊ फळांच्या बाबतीत हा खटाटोप परवडतही नाही. रासबेरीत साखर असते जेमतेम ४ ते ५ टक्के. म्हणजे १०० किलो फळात फार तर ५ किलो साखर, तिच्यातून अडीच किलोच्या आसपास अल्कोहोल. ४० टक्क्यांची ब्रँडी करायची तर कागदावरचा हिशेबही ७-८ लिटरच्या वर जात नाही, हाती लागते त्याहून कमीच. म्हणूनच मध्य युरोपातले व्यावसायिक रासबेरीसाठी वेगळी पद्धत वापरतात. फळ आंबवत न बसता आधी ते साध्या, वास नसलेल्या अल्कोहोलमध्ये मुरवतात आणि मग त्याचं ऊर्ध्वपातन करतात. जर्मनमध्ये या प्रकाराला हिंबेअरगाइस्ट असं नाव आहे. म्हणजे त्यांनाही आधी मुरवावंच लागतं. माझं काम तिथेच थांबतं, आणि भट्टी न लागल्यामुळे फळाचा रंगही जागेवर राहतो.

आता फळ. दुकानात मांडलेलं फळ नुसतं बघून घेऊ नये, हुंगून घ्यावं. अल्कोहोल फळात नसलेला वास कुठून आणणार? ज्या स्ट्रॉबेरीला जवळ नेऊनही वास येत नाही, तिची ब्रँडी गुलाबी आणि फिकी होते. फळ पूर्ण पिकलेलं हवं, अगदी हातात दबेल इतकं, पण एकाही दाण्यावर बुरशीची लव नको. बुरशीचा कुबट वास अल्कोहोलमध्ये फळाच्या वासाइतकाच सहज उतरतो आणि मग तो कशानेही जात नाही. मी फळं पांढऱ्या ताटात एकेरी पसरून, एकेक दाणा उलटून पाहिला. रासबेरी आतून पोकळ असते, आणि बुरशी पुष्कळदा त्या पोकळीतच सुरू होते. हे काम चिकट आहे, पाठ दुखवणारं आहे, पण मला ते फार आवडतं. फळाशी खरी ओळख तिथेच होते.

धुण्याबद्दल मी जरा काटेकोर आहे. रासबेरी आणि ब्लॅकबेरी पाणी पटकन शोषतात, आणि शोषलेलं प्रत्येक थेंबभर पाणी पुढे ब्रँडी पातळ करतं. म्हणून गार पाण्यात एकदा बुडवून लगेच बाहेर काढायच्या आणि सुती कापडावर पूर्ण कोरड्या होऊ द्यायच्या. स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची आणि मग देठ काढायचा. आधी देठ काढला तर त्या खड्ड्यातून पाणी आत शिरतं.

त्यानंतर मी चारही फळं फ्रीझरमध्ये गोठवली. ताज्या फळाबद्दल ज्यांना हळवेपणा आहे त्यांना हे पटत नाही, पण गोठवण्याचा इथे फायदाच होतो. फळातलं पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात, आणि वितळताना रस आपोआप बाहेर येतो. चेचण्याने हेच काम होतं, पण चेचलं की गर फाटतो, बिया सुट्या होतात, आणि नंतर गाळताना जीव मेटाकुटीला येतो. गोठवलेलं फळ आकाराने अख्खं राहतं आणि आतून मोकळं होतं. शिवाय चांगलं फळ मिळालं त्या दिवशीच सगळं उरकायची घाई राहत नाही. फक्त ते वितळू द्यायचं ते ब्रँडीतच. बाहेर वितळलं तर पहिला, सगळ्यांत सुगंधी रस ताटातच राहतो.

ब्रँडी निवडताना महागडी, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेली घेऊ नये. पिंपाचा व्हॅनिलाचा आणि ओकचा वास रासबेरीवर मात करतो. तशी ब्रँडी नुसती प्यावी, तोच तिचा मान. अगदी हलकी, घशाला ओरखडे काढणारीही नको. वर्षभराने साखरेआडून तो खरखरीतपणा पुन्हा डोकं वर काढतो. मी घेतली ती साधी, कोवळी, द्राक्षाची ब्रँडी, अल्कोहोल ४० टक्के.

हा ४० चा आकडा महत्त्वाचा आहे, कारण बरणीत तो ४० राहत नाही. माझं प्रमाण होतं ७५० मिलिलिटर ब्रँडीला ५०० ग्रॅम फळ आणि शेवटी २०० ग्रॅम साखर. ब्रँडीत शुद्ध अल्कोहोल ३०० मिलिलिटर. रासबेरीत पाणी असतं ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलो फळातून सवाचारशे मिलिलिटर पाणी त्या मिश्रणात आलं. फळ आणि ब्रँडी यांचं पुरतं एकजीव झालं की अल्कोहोल २५ टक्क्यांवर येतं. साखर विरघळल्यावर तीही जागा व्यापते, ग्रॅममागे साधारण ०.६ मिलिलिटर, आणि आकडा २३ च्या जवळ उतरतो. यीस्ट साधारणपणे १५ ते १८ टक्क्यांच्या पुढे तग धरत नाही, त्यामुळे २३ ला ब्रँडी आंबायची भीती नाही. पण लोभाने फळ आणि साखर दोन्ही वाढवत गेलं तर आपण या सीमेच्या अगदी जवळ जातो. हा हिशेब मी मुद्दाम कागदावर करून ठेवला, कारण नंतर तो मोजता येत नाही. घरगुती हायड्रोमीटर द्रवाची घनता पाहतो. अल्कोहोलने घनता घटते, साखरेने वाढते, आणि दोन्ही एकत्र असले की त्याचा आकडा निरर्थक होतो.

साखर आधी घालावी की नंतर, यावर घरी करणाऱ्यांमध्ये कायमचे दोन तट आहेत. आधी घालणाऱ्यांचं म्हणणं, साखर फळातला रस ओढून काढते. ते खरं आहे. पण गोठवलेलं फळ तो रस तसाही सोडतं. आणि बरणीत सुरुवातीपासून साखर असली की मुरताना चाखून काहीच कळत नाही, सगळं गोडच लागतं. कडवटपणा येऊ लागला तरी साखर तो झाकते, आणि लक्षात येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मला वेळ ओळखायची होती, म्हणून मी साखर शेवटी घालायचं ठरवलं. पोलंडमध्ये नालेफ्का नावाचं मुरवलेलं मद्य करतात, त्यात पुष्कळ जण असाच क्रम ठेवतात: आधी नुसतं अल्कोहोल, ते काढून घेतल्यावर उरलेल्या फळावर साखर, आणि मग दोन्ही अर्क एकत्र. मी तोच क्रम धरला.

काचेच्या बरण्या उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केल्या, गोठलेली फळं आत सोडली आणि वरून ब्रँडी ओतली. पहिले काही तास बघण्यासारखे होते. रासबेरीभोवती आधी गुलाबी वलय उमटलं, मग त्याचे बारीक धागे तळाकडे सरकू लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सबंध बरणी लाल झाली होती. स्ट्रॉबेरीने तर त्याहून आधी रंग सोडला. चेरी मात्र तशीच बसून होती, भोवतीची ब्रँडी जेमतेम तपकिरीची तांबूस झालेली.

बरण्या गळ्यापर्यंत भरल्या होत्या. त्याचं कारण हवा. फळ हलकं होऊन वर तरंगतं, आणि ब्रँडीच्या बाहेर डोकावणारा भाग काळवंडतो, तिथेच वास बिघडायला सुरुवात होते. दिवसातून एकदा बरणी हळूच उलटीपालटी करायची, जोरात हलवायची नाही. जागा अंधारी आणि थंड. बेरींचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो, आणि उजेड, उष्णता व ऑक्सिजन या तिघांशीही त्यांचं पटत नाही. खिडकीत उन्हात ठेवलेल्या रंगीत बरण्यांचे फोटो सुंदर दिसतात, पण तशा ठेवू नयेत.

आता ज्या कामासाठी हा सगळा घाट घातला ते: चाखणं. नुसती चमचाभर ब्रँडी जिभेवर घेतली तर अल्कोहोल जीभ बधिर करतं आणि बाकी काही उमगत नाही. म्हणून मी चमचाभर ब्रँडीत तितकंच पाणी घालून चाखत असे. पाणी घातलं की वास मोकळा होतो. त्याशिवाय दर आठवड्याला प्रत्येक बरणीतून थोडी ब्रँडी काढून, लहान कुपीत काठोकाठ भरून, तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवली. चवीची आठवण भरवशाची नसते. मागच्या आठवड्यात कडू होतं का, हे आज सांगता येत नाही. दोन कुप्या शेजारी ठेवून चाखल्या की मात्र क्षणात कळतं. हे काम करू इच्छिणाऱ्या कोणालाही मी एकच गोष्ट सांगायची तर ती या कुप्यांची सांगेन.

रासबेरीच्या कुप्या एका रांगेत चाखताना जो प्रवास दिसला तो असा. पहिल्या आठवड्यात ब्रँडी ब्रँडीच होती, फक्त रंगीत, आणि मागून थोडी आंबट. दुसऱ्या आठवड्यात फळ पुढे आलं, ताज्या रासबेरीचा तो तीव्र, थोडा फुलांकडे झुकणारा वास. तिसऱ्यात फळ आणि ब्रँडी वेगळी काढता येईनात, आणि आंबटपणाला गोलाई आली. चौथ्यात वास तेवढाच होता, पण घोट गिळल्यावर हिरड्यांवर एक कोरडेपणा राहू लागला, आणि त्यामागे लाकडाची चव. हे बियांचं देणं. रासबेरीचा प्रत्येक इवला मणी एकेक बी पोटात घेऊन असतो, आणि अल्कोहोल एकदा गर रिकामा करून झालं की त्या बियांमधलं टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारं तुरट द्रव्य, ओढू लागतं. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्याच्या मध्ये कुठेतरी रासबेरीने द्यायचं ते सगळं देऊन झालेलं होतं. हिरड्या कोरड्या पडताहेत असं वाटलं त्याच दिवशी मी ती गाळली. तुरटपणाची अगदी बारीक रेघ राहिली आहे, आणि ती मला हवीच होती. तिच्याशिवाय साखर घातल्यावर चव सरबताकडे झुकते.

इथे एक गंमतीची आणि खरी गोष्ट. रासबेरीच्या त्या फुलांच्या वासामागे बीटा-आयोनोन नावाचं द्रव्य आहे, व्हायोलेटच्या फुलातही तेच असतं. ते किती जाणवावं हे माणसागणिक बदलतं, आणि त्याचं कारण जनुकात आहे: ओआर५ए१ नावाच्या वासग्राहीत एका छोट्या फरकाने काहींना ते अत्यल्प प्रमाणातही कळतं, काहींना जवळजवळ नाही. त्यामुळे दोन माणसं एकाच कुपीबद्दल अगदी वेगळं बोलली तर दोघांचंही खरं असू शकतं. चाखायला एकाहून अधिक नाकं असावीत हे माझं मत त्यामुळे आणखी घट्ट झालं.

स्ट्रॉबेरीची गोष्ट निराळी आणि घाईची. आठवडा उलटेपर्यंत तिचे तुकडे पांढुरके पडले होते आणि ब्रँडी गडद झाली होती. वासही तेव्हाच सगळ्यांत भरलेला होता, थोडा जळत्या साखरेकडे जाणारा, पिकलेल्या स्ट्रॉबेरीला असतो तसा. त्यानंतरच्या कुपीत तो वास जॅमकडे वळला, म्हणजे शिजवलेल्या फळाचा झाला, आणि फळ लिबलिबीत होऊन ब्रँडी गढूळ करू लागलं. म्हणून स्ट्रॉबेरी सगळ्यांत आधी बाहेर. बरेच लोक सगळी फळं एकाच बरणीत घालतात, आणि मला वाटतं त्यात स्ट्रॉबेरीवर अन्याय होतो. तिची वेळ निघून गेलेली असते आणि बाकीच्यांची आलेली नसते. मिश्र फळांची ब्रँडी हवी असेल तर वेगवेगळी मुरवून शेवटी मिसळावी.

ब्लॅकबेरी सावकाश. तिच्यातही बिया आहेत, पण गर दाट आणि गोड आहे, आणि तिचा तुरटपणा ब्रँडीच्या अंगाला शोभतो. महिना उलटून गेल्यावर कुठे तिच्यात खोली आली. त्याआधीच्या कुप्या नुसत्या आंबट आणि जांभळ्या. दीड महिन्याच्या सुमाराला ती मी काढली, आणि आणखी थोडी राहिली असती तरी चाललं असतं.

चेरीबद्दल थोडं सावधपणे. चेरीच्या बियांतल्या मगजात अमिग्डालिन असतं. ते फुटलं की बदामाच्या अर्काचा सुरेख वास देणारं बेंझाल्डिहाइड तयार होतं, आणि त्याच्याच जोडीने हायड्रोजन सायनाइड, म्हणजे जहाल विष. बिया फोडून घातल्या की वास जास्त येतो, असा सल्ला जुन्या पाककृतींत सापडतो. मी तो मानत नाही. घरी मोजमापाचं साधन नसताना सायनाइडशी खेळ कशाला? मी सगळ्या चेरींच्या बिया अख्ख्या काढून टाकल्या. चेरीच्या गरात स्वतःचा बदामी वास थोडासा असतोच, आणि पुरेसा वेळ दिला की तो येतो. तो यायला दोन महिन्यांहून अधिक काळ गेला. मधे एक टप्पा असा होता की चेरीची ब्रँडी सगळ्यांत सपक लागत होती आणि तिच्यावर पाणी सोडावं असं वाटत होतं. नंतर ती जी सुधारली ती सगळ्यांना मागे टाकून. चेरी आंबट जातीची मिळाली तर उत्तमच, गोड चेरीत आंबटपणाचा कणा नसतो.

गाळण्यात पिळायचं नाही, हा एकच नियम मी अक्षरशः पाळला. आधी जाड जाळीच्या गाळणीतून फळ आणि ब्रँडी वेगळी केली. मग पातळ सुती कापड पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, चाळणीवर अंथरलं आणि ब्रँडी तिच्या गतीने उतरू दिली. कापडाची पुरचुंडी करून दाबली तर शेवटचा अर्धा पेला नक्की मिळतो, पण त्याबरोबर गराचा बारीक चिखल आणि पेक्टिनही येतं. अल्कोहोलमध्ये पेक्टिन विरघळत नाही. त्याचे अंड्याच्या कच्च्या पांढऱ्यासारखे पारदर्शक धागे तरंगताना दिसतात, स्ट्रॉबेरीत ते बरेच होते. घाबरायचं कारण नाही, ब्रँडी खराब झालेली नसते. बाटली थोडे दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवली की धागे आणि साका तळाशी बसतात. मग वरची निवळ ब्रँडी बारीक नळीने अलगद काढून घ्यायची आणि शेवटी कॉफीच्या कागदी गाळणीतून सोडायची. थेंब थेंब पडत राहते, मधे कागद बदलावा लागतो. पेक्टिन तोडणारं विकर बाजारात मिळतं, पण अल्कोहोलमध्ये त्याचं काम मंदावतं, म्हणून ते ब्रँडी ओतण्याआधी फळावर घालावं लागतं. मी वापरलं नाही. पूर्ण चकाकी आली नाही तरी मला चालते.

उरलेलं फळ मात्र अजून श्रीमंत होतं. प्रत्येक मऊ तुकड्यात २५ टक्क्यांची ब्रँडी भरलेली. तेच फळ बरणीत परत घालून त्यावर साखर पसरली आणि झाकण लावून ठेवलं. साखर फळातला द्रव ओढते, त्यातच विरघळते, आणि आठवडाभरात बरणीच्या तळाशी दाट, गडद पाक जमतो. यात एक थेंबही पाणी घालावं लागत नाही, हे मला या पद्धतीतलं सर्वांत देखणं काम वाटतं. तो पाक गाळून आधीच्या ब्रँडीत थोडा थोडा मिसळत गेले, दर वेळी चाखत. रासबेरीला जवळजवळ सगळा लागला, चेरीला निम्म्याहून थोडा अधिक, ब्लॅकबेरीला त्या दोघींच्या मधला. स्ट्रॉबेरीचा पाक मी हात राखूनच घातला.

गोडीचा अंदाज यावा म्हणून व्यापारी प्रमाणं माहीत असलेली बरी. युरोपीय संघाच्या नियमांत लिक्युअरला लिटरमागे साधारण किमान १०० ग्रॅम साखर लागते, क्रेम म्हणवणाऱ्या अधिक गोड लिक्युअरला २५०, आणि काळ्या मनुकेबेरीच्या, म्हणजे ब्लॅककरंटच्या क्रेम द कासीला ४००. फ्रान्समधल्या दिजाँ इथे १८४१ मध्ये सुरू झालेलं हे कासी इतकं गोड असतं कारण फळ कमालीचं आंबट आहे आणि ते बहुधा दुसऱ्या पेयात मिसळूनच पितात. माझी रासबेरी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास बसते. नुसती प्यायला याहून गोड नको.

मिसळलेल्या दिवशी चारही बाटल्यांची चव विसकटलेली होती. साखर एकीकडे, अल्कोहोल एकीकडे, फळ तिसरीकडे. त्या दिवशीच्या चवीवरून काहीही दुरुस्त करायला जाऊ नये. गळ्यापर्यंत भरून, घट्ट बूच लावून, अंधारात ठेवून दोन-तीन महिने गेल्यावर रासबेरीतलं अल्कोहोलचं टोक बोथट झालं आणि वास घोटाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग आला. ही ब्रँडी मी फ्रिजमधली देत नाही. फार गार झाली की वास मिटतो आणि नुसती गोडी उरते. लहान पेल्यात, खोलीच्या तापमानाहून किंचित थंड, एवढं पुरे.

साखरेतून काढलेल्या चोथ्याचं काय करायचं, तर ब्लॅकबेरी आणि चेरी खाण्याजोग्या राहतात. आइस्क्रीमवर किंवा केकच्या थरात घालाव्यात. रासबेरीचा तोवर बियांचा भुगा झालेला असतो, तो मी टाकून देते. या फळांच्या डब्यावर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवते, कारण दिसायला ती मुरांब्याचीच वाटतात आणि लहान मुलाच्या हाती लागली तर त्यात चांगलीच ब्रँडी असते. गाडी चालवणाऱ्यालाही आधी सांगायला हवं.

बाटल्यांवर फळाचं नाव, मूळ ब्रँडीची टक्केवारी, गाळल्याची तारीख आणि घातलेली साखर एवढं लिहिलं. प्यायचा क्रमही त्यावरच ठरवला. स्ट्रॉबेरी आधी संपवायची, कारण तिचा लाल रंग टिकाऊ नाही. अंधारात ठेवूनही काही महिन्यांत तो विटकरी होत जातो, आणि रंगामागोमाग वासही जातो. रासबेरी वर्षाच्या आत. ब्लॅकबेरी आणि चेरीला घाई नाही, त्यांच्या एकेक बाटलीचं बूच पुढचा हंगाम येईपर्यंत उघडायचं नाही असं ठरवलं आहे, आणि तेव्हा फ्रिजमधल्या त्या जुन्या कुप्याही शेजारी मांडून चाखायच्या आहेत.